दोन माणसांची बोट

सकाळी निघतानाच सोजरबाईंचं डोकं उठलं. बोट बघायला जायचं तर नवरा-बायकोनं जावं की नाही? पण निमोण्यात साधी शेळी घ्यायची तरी चार डोकी गोळा होतात, इथं तर शिडाची बोट! थोरले दीर आण्णा स्वतःची जीप घेऊन दारात हजर. म्हणजे आता दिवसभर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. दिरासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, हे सोजरबाई लग्न होऊन आल्यापासून पाळत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच त्यांना त्याचा मनापासून राग येत होता.

कारण आज बोलायचं होतं. नवऱ्यानं, मल्हारीनं, सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर काढली. वर्षातले दोन-तीन महिने घरी, बाकी पाण्यावर. कांद्याला पाणी कधी द्यायचं ते साहेब जहाजावरून फोन करून सांगणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. खऱ्या शेळ्या, म्हशी, पोरं आणि विहिरीची जळकी मोटर, सगळं सोजरबाईंच्या गळ्यात. "रिटायर झालो की आपण दोघं..." एवढंच तो दर वेळी निघताना म्हणायचा. पुढचं वाक्य कधी आलंच नाही.

मागच्या वर्षी तो कायमचा घरी आला, चार महिन्यांत ओसरीला कंटाळला आणि म्हणाला, "आपण बोट घेऊ. आत झोपायची सोय असलेली. पाण्यावरच आठ-आठ दिवस ऱ्हायचं." गाव पोट धरून हसलं. सोजरबाई हसल्या नाहीत. 'आपण' म्हणाला होता ना!

पहिली बोट घोड धरणाच्या फुगवट्यावर, चिंचणीच्या बाजूला होती. चाळीस वर्षांची जुनी, लांबलचक, पोटात जड. कुणा हौशी माणसानं मुंबईहून ट्रेलरवर आणून टाकलेली. रंग उडालेला, पण आत उतरल्यावर सोजरबाई बघतच राहिल्या. सागवानी कपाटं, दोन शेगड्यांचा ओटा, घडी घालायचं टेबल आणि समोरासमोर दोन बिछाने. मधोमध त्या ताठ उभ्या राहिल्या, तरी डोकं छताला लागलं नाही.

आण्णा वरून म्हणाले, "वऱ्हाडाला भाड्यानं दिली तर किती माणसं बसत्याल?"

मल्हारीनं कपाळावर हात मारला. मग शिडाचे दोर ओढून बघत तो पुटपुटला, "नाकापरीस मोती जड. हिला दोन माणसं लागत्यात. एक सुकाणूला, एक शिडाला."

"हायती की दोन माणसं," सोजरबाई पदराआडून म्हणाल्या. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

त्यांचे वडील बैल घ्यायचे ते घरच्या बैलाशेजारी जुंपून बघूनच. एकटा काय, कुठलाही बैल चालतो, असं म्हणायचे. म्हणून दोघांनी मिळून बोट चालवून बघितल्याशिवाय सोजरबाई खाली उतरायलाच तयार होईनात. शेवटी मालकानं बोट सोडली. सुकाणूचा दांडा सोजरबाईंच्या हातात, दोर मल्हारीच्या.

"डावीकडं घे!"

त्यांनी कासरा ओढावा तसा दांडा डावीकडं ओढला. बोट उजवीकडं वळली. शीड फडफडलं, आण्णा घाबरून खाली बसले.

"उलटं! उलटं असतंय! किती येळा सांगू?"

एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा त्या पुन्हा चुकल्या. तिसऱ्यांदा दांडा बरोबर फिरवला, बोटीनं नाक वळवलं, आणि तेवढ्यात मल्हारीनं दांडा हातातून काढून घेतला. "सोड. तुझ्यानं न्हाई व्हायचं."

सोजरबाईंना रडू आलं नाही, संताप आला. मोटर जळली तेव्हा कुणाच्यानं झालं होतं? पण दीर समोर बसलेले. दौंडकडं जाताना न्हावऱ्याला चहा झाला, तो त्यांनी घेतला नाही.

दुसरी बोट दौंड तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या फुगवट्यावर, एका डॉक्टरांच्या शेतावर होती. चार-पाच वर्षांचीच, आटोपशीर, पांढरीशुभ्र. आत एकच अरुंद बिछाना. शेगडी नाही. उभं राहायचं तर कमरेत वाकायचं. पण सगळे दोर सुकाणूपाशी बसल्या जागी हाताला येतील असे आणलेले, आणि मल्हारीचा चेहरा असा उजळला, की सोजरबाईंना लग्नातलाही असा आठवेना.

"हिला एकटा माणूस बास," तो म्हणाला आणि एकटाच निघालासुद्धा.

बोट भुर्रकन गेली. आण्णा टाळ्या वाजवत होते. सोजरबाई पिंपांवर तरंगणाऱ्या धक्क्यावर उभ्या राहून त्या लांब जाणाऱ्या पाठीकडं बघत होत्या. ही पाठ त्यांना चांगली ओळखीची होती. घरातून जाताना ती अशीच दिसायची, आणि आता रिटायर होऊनही तशीच दिसत होती.

परत येताना मात्र वारा काठाकडून पाण्याकडं सुटला होता. एरवी डॉक्टरांचा राखणदार दोर धरायला असतो, तो आज गावाला गेलेला. मल्हारीनं शीड पाडलं, बोट धक्क्याजवळ आणली आणि दोर फेकला. "सोजर, धर!"

दोर त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी तो नुसता बघितला. दोर घसरत पाण्यात गेला आणि बोट मागं सरकली.

"अगं, धर की!"

"एकटा माणूस बास ना?" सोजरबाई मोठ्यानं म्हणाल्या. पदर खांद्यावर आला होता.

आण्णा पुढं झाले. "तुम्ही ऱ्हाऊ द्या आण्णा," त्या म्हणाल्या. आण्णा जागच्या जागी थिजले.

पुन्हा शीड चढवा, पुन्हा वळसा घाला. या खेपेला मल्हारी स्वतःच दोर घेऊन उडी मारायला पुढं धावला, पण तो टोकाला पोचेपर्यंत वाऱ्यानं बोटीचं नाक फिरलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा सदरा घामानं भिजला होता, ओरडणं बंद होतं.

"सोजर," तो म्हणाला, "दोन माणसं लागत्यात."

"आण्णांना ऐकू गेलं न्हाई."

"दोन माणसं लागत्यात गं!"

दोर आला. सोजरबाईंनी तो हवेतच झेलला, पाय रोवून बोट ओढली आणि खांबाला बांधून टाकली. मल्हारी उतरला. सवयीनं गाठ तपासायला वाकला, नखानं उचकटून बघितली. हलेना.

"ही कुठली गाठ?"

"म्हशीची. मी सोडल्याबिगर सुटत न्हाई," सोजरबाई जीपकडं चालू लागल्या. "आता बोट तशीच ऱ्हाऊ द्या आन् चिंचणीला चला. माझं सुकाणू अर्धं ऱ्हायलंय."