मार्लिसचा फिरता ड्रम

आदल्या उन्हाळ्यात मार्लिस हॅगडॉर्नच्या डोळ्यांदेखत एक झाड जमिनीत गेलं होतं. ती कॉफीचा मग घेऊन मागच्या पायरीवर बसली होती. समोरचं कमरेएवढं गांजाचं झाड एकदम थरथरलं, कललं आणि वीतभर खाली ओढलं गेलं. गोफरांनी, म्हणजे जमिनीत बिळं करणाऱ्या उंदरांनी, खालून मुळं फस्त केली होती. सहातली चार झाडं अशीच गेली. कायद्यानं दर घराला सहाच लावता येतात, त्यामुळे मटोल नदीच्या खोऱ्यात एकेका झाडाचं कौतुक लेकीच्या पहिल्या बाळंतपणासारखं चालतं.

"यंदा जमिनीत लावायचंच नाही," तिनं नवऱ्याला, रॉइसला, बजावलं. "कुंड्या आणायच्या."

पण कसल्या कुंड्या, यावर घरात एकमत होईना. रॉइसला हवी होती वाइनची अर्धी कापलेली पिंपं.

"त्या लाकडाला काय सुरेख वास असतो!"

"वास झाडाला हवाय की तुला? आणि भरलेलं पिंप हलवणार कोण? परवा टरबूज उचलताना तुझी पाठ धरली."

रॉइसची बहीण बर्नाडीन नदीच्या खालच्या वळणावर राहायची. खोऱ्याच्या जत्रेत झाडांच्या स्पर्धेची निळी फीत, म्हणजे पहिलं बक्षीस, वर्षानुवर्षं तिच्याच घरी जायची. तिचा सल्ला न मागताच आला.

"कापडी पिशव्या घे, मार्लिस. मुळांना श्वास घेता येतो. माझं ऐकून तुझा कधी तोटा झालाय?"

तोटा झाला नव्हता, हेच मार्लिसचं दुखणं होतं. लग्न झाल्यापासून पावाचं पीठ मळण्यापासून भिंतीच्या रंगापर्यंत ती नणंदेचं ऐकत आली होती, आणि दर वेळी नणंद बरोबर निघाली होती.

मार्लिस एकटीच गावातल्या दुकानात गेली. मातीची कुंडी तिनं दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि तिच्या गुडघ्यानं लगेच नकार दिला. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर ऊन आलं होतं, आत हात घातला तर तव्यासारखी तापलेली. मुळं शिजायचीच. कापडी पिशवी मात्र हलकी होती, पाणी धरून न ठेवणारी, दोन बाजूंना धरायला कान. पिशवी घेऊन ती गल्ल्यापर्यंत गेली. मग बर्नाडीनचा 'बघ, म्हटलं नव्हतं?' असा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि ती पिशवी परत जागेवर ठेवून रिकाम्या हातानं घरी आली.

घरी अंगणात वॉशिंग मशीनची आतडी बाहेर पडली होती. सकाळी मशीननं शेवटचा आचका दिला होता, आणि रॉइसनं ते उघडून ठेवलं होतं. स्टीलचा ड्रम त्यानं तोंड वर करून आसावर उभा केला होता आणि पाइपनं धूत होता. शेकडो भोकांतून पाणी झरझर बाहेर येत होतं, आणि धारेच्या जोरानं ड्रम आपला संथ फिरत होता.

मार्लिस गाडीचं दार उघडं टाकून तिथेच उभी राहिली. पाणी साचत नाही. हवा खेळते. गोफराचे दात स्टीलला लागणार नाहीत.

"रॉइस, हा फेकू नकोस."

"मी आजवर काय फेकलंय?" तो म्हणाला, आणि ते अंगणाकडे बघून कुणालाही पटलं असतं.

रॉइसनं एका ओंडक्यावर लोखंडी बैठक ठोकून ड्रम आसासकट तिच्यावर बसवला. मार्लिसनं आत गोणपाट अंथरलं, माती भरली आणि सगळ्यात तरतरीत रोप लावलं. उरलेल्या रोपांसाठी तिनं निमूटपणे कापडी पिशव्याच आणल्या, पण त्या कोठीमागे ठेवल्या, नणंदेच्या नजरेआड.

मशीनच नसल्यामुळे हॅगडॉर्नांचे कपडे आता बर्नाडीनकडे धुवायला जाऊ लागले.

"झाड मशीनमध्ये राहणार आणि तुमच्या चड्ड्या माझ्या दारात!" बर्नाडीन दर आठवड्याला म्हणायची. शिवाय खोऱ्यात भेटेल त्याला सांगायची.

अंगणाला पश्चिमेकडून रेडवूडच्या उंच झाडांची सावली होती. ऊन पडायचं ते एका अंगानं. त्यामुळे येता-जाता मार्लिस ड्रमला बोटानं ढकलायची आणि झाडाची दुसरी बाजू उन्हात आणायची. ऑगस्टपर्यंत झाड चारी बाजूंनी असं भरलं, की त्याला पुढचं-मागचं राहिलंच नाही. कळ्यांच्या चिकट, लिंबासारख्या वासानं दुपारी डोकं हलकं व्हायचं. बर्नाडीन धुतलेले टॉवेल द्यायच्या निमित्तानं यायची आणि कुणी बघत नाही असं पाहून तीही ड्रमला एक धक्का द्यायची. मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि ओठ दाबून हसायची.

जत्रेच्या सकाळी दोघींची झाडं रॉइसच्या ट्रकमधून निघाली; बर्नाडीनकडून धुऊन आलेल्या कपड्यांची टोपलीही मागेच होती. घाटात प्रत्येक वळणाला ड्रम अर्धा फिरायचा, आणि झाड मान वळवून रस्ता बघतंय असं वाटायचं. मैदानावर पोचल्यावर रॉइस आणि बर्नाडीननं तिच्या झाडाची कापडी पिशवी उचलली. फर्रकन एक कान फाटला. माती एका बाजूला ढासळली आणि तो डौलदार वृक्ष दारुड्यासारखा कलला.

बर्नाडीनचे डोळे भरून आले.

"रडू नकोस गं, मुळं शाबूत आहेत," मार्लिस म्हणाली. "रॉइस, कपड्यांची टोपली रिकामी कर!"

टोपलीत पिशवी बसली. भोवतीच्या फटींत बर्नाडीननंच धुतलेले टॉवेल दोघींनी कोंबले. झाड सरळ उभं राहिलं. मार्लिसनं दोन बोटांनी एक पान सारखं केलं.

"स्पर्धेत तू माझ्या विरुद्ध आहेस ना?" बर्नाडीन नाक पुसत म्हणाली.

"आहेच. पण आडवं पडलेलं झाड हरवून काय मजा?"

परीक्षक एक बुजुर्ग गृहस्थ होते. मार्लिसच्या झाडाभोवती फिरायला लागले, तेव्हा तिनं त्यांना थांबवलं. "तुम्ही उभे राहा. तेच फिरेल." तिनं बोट लावलं. झाड संथपणे वळलं आणि मंडपात हशा, शिट्ट्या, टाळ्या! परीक्षकांनी गंभीर चेहऱ्यानं आणखी एकदा फिरवलं. मग उगाचच तिसऱ्यांदा.

निळी फीत मार्लिसला मिळाली, आणि दुसऱ्या नंबरची तांबडी टॉवेलवाल्या झाडाला. सगळ्यात मोठा आवाज बर्नाडीनचा होता.

"माझी भावजय आहे ती!" ती शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून सांगत होती. "मीच म्हटलं होतं तिला, पिशव्यांच्या भानगडीत पडू नकोस म्हणून!"

मार्लिस पोट धरून हसली. बाहेर फिडलवर नाचाची धून सुरू झाली होती. तिनं नणंदेचा हात धरला, आणि गुडघ्याची तक्रार कानाआड करून दोघी नाचणाऱ्यांच्या गर्दीत शिरल्या.