दोरगाडी अडली तो रविवार

अमरावतीच्या कडेला बोरमाळ टेकडीवर दोरगाडी चालते. एकाच तारदोराला दोन डबे. एक वर चढला की दुसरा खाली येतो. दुष्काळी कामावर वरच्या वस्तीतल्या बायांनी तिचे रूळ डोक्यावरून वाहिले. पुढं दोर तुटला, गाडी बंद पडली, रुळांवर घाणेरी माजली. ती छाटत राहिली तीही वस्तीच. मागल्या वर्षी ठेकेदार आला, नवा दोर ओढला, डबे रंगवले आणि खालच्या स्टेशनात गाडीच्या इतिहासाचा फलक लावला. त्यात पुढाऱ्यांची नावं होती, वस्तीचं एकही नाही.

साधना त्याच वस्तीतली. गाडी चालवायची ती. फलक वाचून तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण नोकरी नवी होती.

मग हुकूम निघाला, रविवारी गाडी फक्त पर्यटकांची. त्याच रविवारी वस्तीतली म्हातारी हलीमाबी दळणाचा डबा घेऊन फाटकात आली. ठेकेदाराच्या मॅनेजरनं, उत्तमरावानं, तिला अडवलं.

"आजी, आज पायवाटेनं जा."

"गुडघे कुठून आणू बेटा?"

साधनानं चालकाच्या खोलीच्या काचेतून पाहिलं. तिनं गाडीची चावी काढली, ओढणीच्या टोकाला बांधली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

"साधना, गाडी सोड!"

"चाचीले बसवा, मंग चालन गाडी."

"अगं, वरच्या डब्यात माझे पाहुणे बसलेत!"

"बसू द्या. चाचीची सासू रूळ वाहता वाहता याच उतारावर पडली, हात मोडला तिचा. तुमच्या फलकावर तिचं नाव कावून नाई?"

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या. आता तं चावी माह्याजवळ हाय."

रांगेत कुरकुर सुरू झाली. तेवढ्यात एका पर्यटक बाईनं दळणाचा डबा उचलून आत ठेवला आणि हलीमाबीला हाताला धरून बसवलं. उत्तमरावाचा फोन वाजायचा थांबेना. शेवटी तो दात खात बाजूला झाला. साधनानं गाडी सोडली.

संध्याकाळी तिला कामावरून काढलं. पुढच्या रविवारी नवा चालक आला, तर अख्खी वस्ती टोपल्या घेऊन फाटकात बसलेली, पुढं साधना. दुपारपर्यंत गाडी हलली नाही. अखेर ठेकेदार स्वतः आला आणि बंदी उठली.

"माफी माग, परत घेतो," उत्तमराव तिला म्हणाला.

"कायची माफी?"

ती आता नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात जाते. तिथला मुकादमही म्हणतो, ही बाई लय उलटं बोलते.