'मनातलं सांगा'

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. शाळेच्या सुताराने मोडक्या बाकाच्या फळ्यांतून मला घडवले, माथ्यावर चिठ्ठीपुरती फट ठेवली आणि पुढे छोटे कुलूप लावले. सातवीच्या बाईंनी माझ्यावर स्वतःच्या हाताने रंगवले, 'मनातलं सांगा'.

बाई दर शनिवारी मला उघडत. नाव न घेता चिठ्ठी वाचून विचारत, "आपल्याशी कुणी असं वागलं, तर कसं वाटेल?" आधी मुले फिदीफिदी हसत. एके दिवशी वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा उठून म्हणाला, "राग आला की माझा हात आवरत नाही. मलाच भीती वाटते." कुणीही हसले नाही. मला किती धन्य वाटले!

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. नवे सर म्हणाले, "पोर्शन संपता संपत नाही, त्यात ही थेरं कुठं?" किल्ली त्यांच्या खणात गेली. चिठ्ठ्या मात्र पडतच राहिल्या.

त्याच वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली. ती बोलताना अडखळायची. मॉनिटर मुलीने तिला 'टाइपरायटर' नाव पाडले आणि वर्गाने ते उचलून धरले. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ एकटीच डबा खायची. तिने तीन चिठ्ठ्या टाकल्या. शेवटच्या चिठ्ठीत एवढेच होते, 'सर, माझ्याशी कुणीतरी बोला.'

दोन दिवसांनी मॉनिटरनेही चोरून चिठ्ठी टाकली. 'ते नाव मीच पाडलं. मला तिची माफी मागायची आहे, पण सगळे मला हसतील. काय करू?'

दोघींच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात एकमेकींवर पडून होत्या. वर्गात त्या दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते!

परीक्षेआधीच नव्या मुलीचे वडील तिचा दाखला घेऊन गेले.

मग शाळेची तपासणी आली. सर खणातली किल्ली शिपायाला देत म्हणाले, "पेटी पूस. आत काही असेल तर टाकून दे." शिपायाने मला कचऱ्याच्या टोपलीत उलटे केले. तपासायला आलेल्या साहेबांनी मला उघडून पाहिले. "एकही तक्रार नाही? वा!" मुख्याध्यापकांची छाती फुगली.

साहेब गेल्यावर मॉनिटरने हळूच विचारले, "सर, चिठ्ठ्या वाचल्या?"

"कसल्या चिठ्ठ्या?" सर म्हणाले.

ती रडत जागेवर जाऊन बसली. का रडते, हे कुणी विचारले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेट्यांच्या भरवशावर राहू नका. एखादी मुलगी एकटी डबा खाताना दिसली, तर चिठ्ठी लिहीत बसू नका. उठा आणि तिच्या शेजारी जाऊन बसा.