हार इन्व्हर्टरला, फटके मला

मित्रांनो, मी मोटर आहे, पण माझ्यात कोणाला बसता येत नाही. वसमतला किसनरावांच्या हळदीच्या कारखान्यात एक मोठा लोखंडी ढोल आहे. उकडून वाळवलेली हळद त्यात घासून चकचकीत होते. तो ढोल एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून मी फिरवते. इतकी वर्षं रोज हळद लागूनही माझं लग्न झालं नाही, ही तक्रार वेगळी.

माझ्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. तारेवर वार्निशचं पातळ कातडं असतं. ते शाबूत आहे तोवर मी जिवंत. ते फाटलं की तारेला तार भिडते आणि मोटर जळते.

दर दसऱ्याला मालकीणबाई शकुंतलाबाई मला हार घालायच्या. दोन हजार तीनच्या दसऱ्याला मालकांनी मुहूर्तावर इन्व्हर्टर आणला. लाइट गेल्यावर घरातला पंखा फिरवतो तो नव्हे. हा माझा वेग कमीजास्त करणारा. ढोल हिसका न देता सुरू व्हावा, हळदीचे तुकडे पडू नयेत, म्हणून. त्या वर्षी हार त्याला गेला. मला उरलेल्या पाकळ्या मिळाल्या, त्याही शेळीने खाल्ल्या.

त्याला धूळ लागू नये म्हणून मालकांनी त्याला अंगणापलीकडच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात, कूलरसमोर बसवलं. तिथून माझ्यापर्यंत लांबच लांब केबल ओढली. शेतकरी चहा पीत त्याचे लाल आकडे बघत बसायचे. एका म्हाताऱ्याने तर त्याला हात जोडले. माझ्यावर लोक पाय ठेवून बुटाची नाडी बांधत.

इन्व्हर्टर बसवायला रेवतीताई नावाच्या इंजिनिअर आल्या होत्या. ही मोटर किती टिकेल, असं मालकांनी त्यांना विचारलं. ताईंनी माझा ताप मोजला. कातडं उष्णतेने म्हातारं होतं. दहाएक अंश ताप वाढला की आयुष्य साधारण निम्मं, असा त्यांचा हिशेब. माझं अंग तर गार होतं. दहा वर्षं काळजी नाही, असं त्या म्हणाल्या. मालकांनी लगेच जाऊन इन्व्हर्टरची पाठ थोपटली. दहा वर्षं माझी, शाबासकी त्याची.

पुढच्याच वैशाखात, ढोल काठोकाठ भरलेला असताना, मी जळाले.

मालकांनी तांड्यावरून प्रेमदासला बोलावलं. तो जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देतो. पण मला भरायचंच नाही, भंगारात घालायचं, असं मालकांनी ठरवून टाकलं होतं. प्रेमदासने माझं पोट उघडलं.

“मालक, दहा वर्सं जगती म्हनल्या व्हत्या ना बाई? हिनं तर वरीस बी काढलं न्हाई. पत्रिका दुसरीचीच पाहिली का काय?”

ही थट्टा मालकांना झोंबली. त्यांनी ताईंना फोन केला आणि ताई एस.टी.ने आल्या. माझी तार फक्त सुरुवातीच्या वेढ्यांत जळली होती. आजूबाजूला पांढरी भुकटी होती आणि बाकीचं कातडं कोवळं.  मग ताईंनी अंगणातल्या केबलकडे पाहिलं.

“मी हिचा ताप मोजला,” त्या म्हणाल्या. “फटके मोजायचे राहिले.”

मित्रांनो, इन्व्हर्टर वीज संथ लाटेसारखी पाठवत नाही. तो ती चिरून, सेकंदाला हजारो फटक्यांनी पाठवतो. केबल लांब असली की फटका माझ्या दारात आदळून जवळजवळ दुप्पट होतो. पहिले वेढे तो झेलतात. कातड्यातल्या बारीक पोकळीत ठिणग्या उडतात, कातडं कुरतडून त्याची पांढरी भुकटी होते आणि ताप मात्र येत नाही. म्हणजे तो गारव्यात बसून मला मारत होता आणि लोक त्याला हात जोडत होते.

ताईंनी माझ्या जातीच्या तारेचे तुकडे जोडीजोडीने पिळले, त्यांना वार्निश लावलं आणि प्रयोगशाळेत नेऊन ते मरेपर्यंत तसेच फटके दिले. कोणती जोडी कधी गेली हे त्या समोर बसून बघत होत्या म्हणे. माझ्याकडे इतकं कोणी कधी पाहिलं नाही. मेलेल्या तारांचाही मला हेवा वाटला.

काही जोड्या लवकर गेल्या, काही चिवट निघाल्या, त्यामुळे एकच आकडा सांगता येत नाही, असं ताईंनी परत येऊन सांगितलं. जाड कातड्याची तार भरा, केबल आखूड करा, म्हणजे बरेच हंगाम निघतील. पण दर हंगामाआधी तपासा. केबल अशीच ठेवणार असाल तर भंगारवाल्याला आत्ताच बोलवा.

केबल आखूड करायची म्हणजे इन्व्हर्टर माझ्याशेजारी आणायचा. मालकांचा चेहरा पडला. पाहुण्यांना ऑफिसात काय दाखवायचं? आत धूळ जाईल, महागाची वस्तू आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. माझा जीव त्या काचेच्या कपाटात अडकला होता.

शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या, “हळदीचा धंदा करून राहिले तुमी, अन् हळदीलाच काहून भेता?”

 संध्याकाळी मालकांनी घट्ट झाकणाची पत्र्याची पेटी करायला टाकली. प्रेमदासने मला नव्या तारेने भरलं आणि तो लाल आकड्यांचा राजपुत्र माझ्या शेजारच्या भिंतीवर आला. आठ दिवसांत पेटी पिवळी झाली. मला फार बरं वाटलं.

मग एकदा ढोलात लोखंडी पट्टी अडकली. मी हट्टाने जोर लावला असता आणि पुन्हा जळाले असते. इन्व्हर्टरने माझी धाप ओळखली आणि स्वतःहून वीज तोडली. माझी काळजी माझ्यापेक्षा त्याला जास्त आहे, हेही आता मला सहन होत नाही.

म्हणून मित्रांनो, कोणी किती टिकेल हे कपाळाला हात लावून ठरवू नका. त्याला फटके कुठून बसतात ते आधी बघा. आणि फटके बंद झाल्यावर शाबासकी द्यायची झाली, तर दोन पावलं इकडे या. पेटीकडे नको. मी खाली आहे.