पद्मावतीची बोणी

पोर झोपली की वर्षाचा दिवस सुरू व्हायचा. तोवरचा सगळा पोरीचा. तिला शेजारच्या पार्वतीवहिनींच्या पाळण्यात टाकायचं आणि पदर सावरत वाचनालय गाठायचं. मागच्या खोलीत गोकुळदास सर, तिचे शाळेतले इतिहासाचे मास्तर, डिचोलीचा सगळा भूतकाळ मेजावर पसरून बसलेले असायचे. पोर्तुगीज मोजणीचे नकाशे, कडा खाल्लेले फोटो, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी भरलेल्या कॅसेटी. तीस मेला गोवा घटकराज्य होणार होता. त्याच दिवशी शाळेच्या सभागृहात शहराचं प्रदर्शन मांडायचं होतं. फोटोंखालच्या ओळी वर्षाने लिहायच्या, कारण गावात तिच्यासारखं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

एका कॅसेटीवर तिच्या सासूचा, विमलचा, आवाज होता.

"मराठीत सांगू काय कोंकणीत?" विमलने सुरुवातीलाच विचारलं होतं. त्या वर्षी राजभाषेचा वाद पेटलेला, हा प्रश्न जो तो विचारत होता.

"तोंडाक येता तशें सांग गो," सर म्हणाले होते.

मग विमलने सांगितलं. नदीकाठी, आता जिथे खनिजाचे ट्रक उभे राहतात, तिथे पायऱ्या होत्या. होड्या लागायच्या. पायऱ्यांवर कुंभारणींचा बाजार भरायचा, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर बसायची विमलची आई, पद्मावती. बोणी तिची. म्हणजे दिवसाची पहिली विक्री तिने करायची, ती झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी टोपलीवरचं फडकं काढायचं नाही. बोणी झाली की ती एक मडकं पालथं घालून त्यावर बोटांनी टकटक करायची. तो आवाज ऐकला की घाट उघडला.

सरांनी नकाशा उलगडला होता. नदीकाठी पायऱ्यांच्या चार बारीक रेघा होत्या, एक झाडाची खूण होती. बाजाराचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

"घाट आसा, वर्षा, पण बाजार कुठाय? पुरावा नाही तर मी काय लिहू? 'स्नानाचा घाट' एवढंच लिही."

वर्षाने लिहिलं, आणि घरी येऊन सांगितलंही. तिथेच ती चुकली.

"न्हांवपाचो घाट?" विमलच्या हातातला उंडो पाव चहात पडता पडता राहिला. "म्हजी आवय थंय न्हांवपाक बसताली? अख्ख्या डिचोलीच्या चुलीर तिचीं मडकीं!"

"आई, त्याच घाटावर आता माझा ट्रक उभा असतो," वर्षाचा नवरा मंगेश हसत म्हणाला. "शिरगावहून माल घेऊन आलो की तुझ्या आईच्या पायरीवरच टायर टेकतो."

"टेक रे टेक. तूंय पळयतलो, मेल्या उपरांत तुजेंय नांव कोणूच घेवचो ना."

त्या दिवसापासून विमल गप्प झाली. भाकरी थापायची, नातीला खेळवायची, पण आईची गोष्ट काढेना. ज्या बाईला घाटाचं नाव निघालं की थांबवावं लागे, तिचं हे गप्प बसणं वर्षाला घरभर ऐकू येत होतं. प्रदर्शन लागलं आणि भिंतीवर 'स्नानाचा घाट' चढला, तर सासू तो शब्द जन्मभर उशाशी घेऊन झोपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तशात शेजारी लग्न निघालं. सकाळी वर्षा आरशासमोर उभी राहून नथ घालत होती, कडेवर पोर. पोरीने आरशातल्या नथीवर झडप घातली आणि काचेवर बोटं आपटली. वर्षा हसली. मग हसता हसता थांबली. आरशातली बाई तिने कुठेतरी पाहिली होती. नथ ह्या बाजूला, पदर त्या खांद्यावर. कुठे बरं?

दमणच्या खोक्यात!

दमण आणि दीव आता गोव्यापासून वेगळे होणार, म्हणून सरांनी फोटोंच्याही वाटण्या केल्या होत्या. त्यात एक फोटो होता, पायऱ्यांवर ओळीने बसलेल्या बायकांचा. पदर सगळ्यांचे उजव्या खांद्यावर. "ही गुजराती पद्धत. हे दमणचं," म्हणून सरांनी तो खोक्यात टाकला होता, आणि खोकं दमणला जायच्या वाटेवर होतं.

लग्नातले पाहुणे बघत राहिले. वर्षा पोरीला घेऊन नथीसकट वाचनालयात धावली.

"सर, दमणचं खोकं गेलं?"

"आज दुपारी जातलें. गो, नटून कुठे चाललीस?"

आरशातला प्रकार सांगत तिने फोटो शोधून काढला. सगळ्यांत वरच्या पायरीवर एक बाई, पुढ्यात पालथं मडकं, त्यावर उचललेला हात. डावा हात.

"सर, डाव्या हाताने बोणी कोण करील?"

सर चष्मा पुसायला लागले. वर्षाने फोटो खिडकीच्या काचेवर धरला, मागची बाजू आपल्याकडे करून. बाहेरचं ऊन कागदातून आत आलं. पदर डाव्या खांद्यांवर गेले, नथी डाव्या नाकपुड्यांत, आणि मडक्यावरचा हात उजवा झाला. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या डाव्या अंगाला वड, नकाशात होता अगदी तिथे.

"निगेटिव्हची काच उलटी धरून छापलो रे कोणें तरी!" सर मोठ्याने हसले. "आणि मी बसलो दमणाक धाडून. बाय, तुझ्या लेकीने आरशावर थापड मारली ती माझ्याच गालावर बसली म्हणायची."

फोटो नव्याने, सुलटा छापून घेतला. विमलला आणून समोर उभं केलं. तिने पदराने फोटोची काच पुसली, ती स्वच्छच होती तरी.

"टोपली बी तीच गो," ती म्हणाली. "कांठ मोडिल्ली." आणि मग, मालकिणीच्या आवाजात: "पयलीं आवयचें नांव बरय. मागीर घाटाचें."

वर्षाने तसंच लिहिलं: पद्मावती, कुंभारणींचा बाजार, डिचोलीचा घाट.

तीस मेला सभागृह भरलं. फीत कापायला कात्री आणली होती, पण सरांनी ती बाजूला ठेवली आणि विमलच्या पुढ्यात एक मडकं पालथं घातलं. "आमची बोणी तूंच कर."

विमलने पदर खोचला आणि बोटांची पेरं मडक्यावर वाजवली. टक, टक. मागे उभ्या मंगेशने कॅप काढली. तेवढ्यात विमलच्या मांडीवरच्या पोरीनेही हात उगारला, आणि तोही डावाच.

विमलने तो चिमुकला हात अलगद धरून खाली केला आणि दुसरा उचलून मडक्यावर ठेवला.

"उजव्यान गो बाय, उजव्यान. आमचो बाजार उजव्या हातान उघडटा."