देवांची सोय

सुवर्णाला खोली मिळत नव्हती, ती काही तिच्यात खोट होती म्हणून नव्हे. चाळिशीची बाई, दातांच्या दवाखान्यात मदतनीस, सकाळी नऊला जाणार, रात्री आठला येणार, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण घरमालकांना भाडेकरू म्हणून कुटुंब लागतं, आणि कुटुंब म्हणजे निदान दोन माणसं! एकाने विचारलं, मिस्टर कुठे असतात. घटस्फोट झालाय म्हटल्यावर तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. बायको शेजारीच उभी होती. दुसऱ्याने भावाला घेऊन यायला सांगितलं. भाऊ निफाडला, त्याच्या मागे द्राक्षांची छाटणी लागलेली, तो म्हणाला नंतर बघू. तिसऱ्याला हरकत नव्हती, फक्त भाडं तिच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होतं. तिला चार हजार झेपत होते, फार ओढाताण केली तर साडेचार. आणि नाशकात आता साडेचार हजारात काय मिळतं हो? सिंहस्थ तोंडावर आलेला, रस्ते उकरलेले, परगावचे इंजिनियर आणि मुकादम गल्लोगल्ली खोल्या शोधत हिंडतायत, आणि ज्याची पत्र्याची खोली आहे तोसुद्धा बंगल्याच्या तोऱ्यात बोलतोय.

नाशिकरोडच्या खोलीत ती सात वर्षं राहिली होती. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, खोली पाडून नवं बांधायचं ठरलं. मालक सज्जन माणूस. पितृपक्ष संपेपर्यंत राहा म्हणाला, घटस्थापनेला सकाळी पाडायला माणसं येतील. गोड बोलून निघायला सांगणाऱ्याशी धड भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत असते.

अशात गणपतीच्या दिवसांत मखमलाबादकडची सावित्रीबाई भेटली. कधीकाळी त्यांची फुलशेती होती. आता शेतात चार खोल्या उभ्या होत्या आणि उरलेल्या तुकड्यात झेंडू. खोली लहान, मोरी आतच, खिडकीतून झेंडू दिसत होता. सुवर्णाने प्रश्नांची तयारी करून ठेवली होती: मिस्टर, भाऊ, येणारं-जाणारं कोण. सावित्रीबाईने यातलं काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "देव हायेत का तुझ्याकडं?"

होते. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, आईने लग्नात दिलेले. सासर सोडताना कपाट, भांडी, शिलाई मशीन सगळं तिथेच राहिलं. ही दोघं तेवढी सुवर्णाने पदरात बांधून आणली होती. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी मात्र सांगून टाकलं.

"मग एकटी कशी गं?" सावित्रीबाई म्हणाली. "तिघं झालात की."

भाडं चार हजार. सुवर्णाचा जीव भांड्यात पडला.

आता पितृपक्ष दोन दिवसांवर, आणि पक्षात कुणी घर बदलत नाही. सावित्रीबाईनेच तोड काढली. अनंत चतुर्दशीला देव आणून ठेव, दूध उतू जाऊ दे, म्हणजे मुहूर्त साधला. सामान घटस्थापनेला आण. करारनामाही तेव्हाच करू, पक्षात सही नको आणि पैसेही नकोत. सुवर्णाला यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या आईनेही असंच केलं असतं. तिने कोपऱ्यात पाट मांडला, देव ठेवले, छोट्या शेगडीवर दूध ठेवलं. दूध फसफसून खाली सांडलं तेव्हा सावित्रीबाईने हात जोडले आणि म्हणाली, झालं हो तुझं घर. सुवर्णाला रडू आलं. सात वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यातल्या वेदिकाने तिच्या मामाची एकलहऱ्याची खोली सुचवली. परवडणारी होती. माझी झालीय गं, असं सुवर्णाने अगदी थाटात सांगितलं. मामाने चार दिवसांत ती दुसऱ्याला दिली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सुवर्णा झाडू आणि फिनाईल घेऊन मखमलाबादला गेली. खोलीबाहेर पुरुषी बुटांचे सहा जोड होते आणि कठड्यावर पिवळी हेल्मेटं वाळत घातलेली. दाराला नवं कुलूप. ती मनाला समजावत राहिली, शेजारच्या खोलीतले असतील.

सावित्रीबाईचा मुलगा ज्ञानेश बाहेर आला. चारही खोल्या रस्त्याच्या कंत्राटदाराने घेतल्या होत्या, सिंहस्थ उरकेपर्यंत. करारनामा गेल्या सोमवारीच झाला होता. कंत्राटदाराला कसला आलाय पक्ष! ज्ञानेश वाईट बोलला नाही. ताई म्हणाला, पाणी विचारलं, आणि म्हणाला की आपलं काही लिहिलेलं तर नव्हतं.

"दूध उतू गेलं होतं ना," सुवर्णा म्हणाली.

म्हणताना तिचं तिलाच ऐकू आलं ते किती पोरकट वाटतंय. ज्ञानेश मोबाइलकडे बघत राहिला. ते आईचं आहे, त्यातलं मला काही कळत नाही, एवढंच तो म्हणाला.

मग तिने देवांबद्दल विचारलं.

सावित्रीबाई आतून आली आणि तिला घरात घेऊन गेली. सागवानी देव्हारा, आत समई, खंडोबा, सप्तशृंगीची तसबीर, आणि मधोमध सुवर्णाची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. घासूनपुसून लख्ख केलेले, वर ताजा झेंडू. सहा बाप्यांच्यात देव कसे ठेवायचे, म्हणून आत आणले, सावित्रीबाई सांगत होती. रोज नैवेद्य दाखवते. पोराने विचारलं नाही गं मला, सही करून आला तेव्हाच कळलं. तिने पदराने डोळे पुसले. म्हातारीला दोष द्यावा तर तिचंही घरात काही चालत नव्हतं.

"राहू दे त्यांना हितं," ती म्हणाली. "पक्षात देव हलवत नाय. तुझी सोय लागली की ने."

सुवर्णाने तरीही हात पुढे केला. आणि मग तिला प्रश्न पडला, न्यायचे कुठे? परवा सकाळी नाशिकरोडची खोली पाडणार. वेदिकाला विचारलं तर सामान गोण्यांत बांधून तिच्या जिन्याखाली, आपण तिच्या हॉलमध्ये, तेही फार तर आठ दिवस. देव काय गोणीत घालायचे? दवाखान्यात कवळ्यांच्या खणात ठेवायचे? तिने हात मागे घेतला. इतकं हतबल तिला सासर सोडतानाही वाटलं नव्हतं. तेव्हा पदरात काहीतरी होतं.

"बाळकृष्णाला सकाळी दूध लागतं, मावशी. साखर घातलेलं."

"देते," सावित्रीबाई म्हणाली.

सुवर्णाने परक्या देव्हाऱ्यापुढे वाकून आपल्याच देवांना नमस्कार केला आणि झाडू, फिनाईल उचलून निघाली. ज्ञानेशने गाडीवर सोडतो म्हटलं, ती नको म्हणाली.

बसथांब्यावर फोन वाजला. सिडकोतली एक खोली होती, तिने मागे नंबर देऊन ठेवलेला. पलीकडच्या माणसाने आधी सामान विचारलं, मग माणसं किती ते विचारलं.

"एकटीच," सुवर्णा म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, "देवसुद्धा नाहीत."

मग तो म्हणाला, घरात विचारून सांगतो.