मंजुळाबाईंची यादी आणि माझ्या सुरकुत्या

मित्रांनो, मी नाते गावच्या वाचनालयातली जुनी सतरंजी. निळे-पांढरे पट्टे, आता दोन्ही राखाडी. मागावरून उतरले तेव्हा माझे रंग असे होते की लग्नाचे वऱ्हाडी बसण्याआधी हात फिरवून बघायचे. पुढे लग्नांना खुर्च्या आल्या आणि मला वाचनालयाच्या कपाटावर टाकलं. तिथे उंदरांनी माझं एक टोक संपवलं.

मला खाली काढलं मंजुळाबाईंनी. त्या ब्लाउज शिवतात. इंग्रजी शिकल्या ते शब्दकोश मांडीवर घेऊन. चार वर्षं झाली, दर रविवारी दुपारी त्या इथे देशोदेशीचे पिक्चर दाखवतात. नट ओळखीचा नाही, गाणं एकही नाही, असे. पडद्याशी बसून खालची इंग्रजी वाक्यं वाचतात आणि मराठीत सांगत जातात. माणसं माझ्यावर बसून ऐकतात.

वर्ष सरलं की वर्षातले उत्तम पाच पिक्चर त्या दारावर लिहून लावतात. बिरवाडीच्या कारखान्यांतले कामगारसुद्धा ती यादी मोबाईलमध्ये टिपून नेतात. पण पाठ लोकांकडे असताना कुणाला काय आवडलं हे कळायचं कसं? त्यासाठी त्यांनी मला नेमलं होतं. माणसं उठली की त्या मला निरखायच्या. मी चुरगळलेली दिसले, की लोक कंटाळून चुळबुळले. सरळ दिसले, की रंगले. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

यंदा यादीला वजन आलं. शिमग्याला मुंबईकर येतात, तेव्हा पहिल्या नंबरचा पिक्चर देवळाच्या सभामंडपात दाखवायचं ठरलं. कंपनीत कामाला जाणारा हर्षद म्हणाला, "काकी, लोक उठून गेले तर रविवारचं वाचनालय आम्हाला कॅरमला. फायनल?"

"फायनल," मंजुळाबाई म्हणाल्या.

यादी लागली. पहिला, पोर्तुगालचा घड्याळजी. दुसरा, मेघालयातल्या दोन बहिणींनी शेजारपाजाऱ्यांना उभं करून स्वतःच्या हिमतीवर काढलेला. शेवटचा, जॉर्जियातल्या बाईचा. धरणात गाव जाणार म्हणून ती घराचं दार पाठीवर घेऊन डोंगर उतरते.

मी हबकले. घड्याळजीच्या दिवशी माझ्यावर चौतीस माणसं गाढ झोपली होती. झोपलेलं माणूस चुळबुळत नाही, मग मी सरळच राहणार. पण हे सांगायला मला तोंड नाही, आणि ज्यांना होतं ते भिडेखातर गप्प.

मग ठमाबाई आल्या. त्यांच्या वाडीवर दरड आली तेव्हापासून त्या खाली लेकीकडे राहतात. बसतात नेहमी माझ्या कडेला, दाराजवळ. त्यांनी यादी वाचून घेतली.

"घड्याळवाला पयला?"

"हो मावशी. सतरंजीवर एक सुरकुती नव्हती."

"सगळी निजली व्हती गो. मी पण. आणि ती दारवाली खाली कशाला?"

"त्या दिवशी सतरंजीचा नुसता बोळा झाला होता. लोक कंटाळले. मला आवडला म्हणून शेवटी तरी ठेवला."

"लोक नाय, बोळा मी केला. ती दार घेऊन चालली व्हती, मी काय सतरंजी सरळ करीत बसू?" ठमाबाईंनी माझी कड उचलून दाखवली. त्या दिवशी त्यांच्या मुठीत माझे दोन दोरे निघाले होते.

मंजुळाबाई मटकन खाली बसल्या. चार वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच.

"शेवटाला तू भरभर वाचलंस," ठमाबाई म्हणाल्या. "माझं घर दरडीत गेलं म्हणून. मला काय कळत नाय? पुन्हा लाव. सगळं वाच."

शिमग्याला भर दुपारी सभामंडपात मला अंथरून, खिडक्यांना गोणपाट लावून जॉर्जियाची बाई डोंगर उतरली. मंजुळाबाई या वेळी पडदा आणि लोक दोन्ही दिसतील अशा तिरक्या बसल्या होत्या आणि एक शब्द गाळत नव्हत्या. नऊ मुंबईकर रेंज शोधायला उठून गेले. हर्षद दाराशी उभा राहून उठणारे मोजत होता. बाई पाठीवरचं दार उतरवते तिथे मात्र तो मोजायचा थांबला आणि माझ्यावर बसला, चपला न काढता.

मित्रांनो, सतरंजीची घडी घालू नका, घडीवर ती फाटते. गुंडाळून ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा. आणि कुणी तुमच्यासाठी जीव लावून पिक्चर निवडत असेल, तर झोप लागली होती हे तिला तोंडावर सांगा. एवढी काळजी माणसांनीच माणसांची घ्यावी, ती सतरंजीवर सोपवू नये.